गंगाळातलं जांभळं फूल

कवठखेडच्या तळ्यात काय टाकायचं आणि काय नाही, हे साठ सालानंतर गावात एकच बाई ठरवायची. पार्वताबाई. पाटलाच्या घरचं निर्माल्य असो की नव्या नवरीची पूजेची परडी, बांधावर तिनं हात घालून उलथीपालथी केल्याशिवाय पुढं सरकायची नाही. लोक कुरकुरत, पण दाखवत. कारण तळ्याचं वाटोळं कसं होतं हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं ते स्वतः केलं होतं.

कवठखेड अकोटपासून दोन कोसांवर. पार्वताबाई चंद्रभानची बायको, म्हणजे मोठ्या शेतकरी घरातली धाकटी सून. धाकटी म्हणजे किती, तर पस्तिशी उलटली तरी पुरणाला हात लावण्याआधी जमुनाबाईच्या तोंडाकडं पाहायचं. जमुनाबाई ही थोरली जाऊ. हळदीकुंकवाचं पहिलं बोट तिला, पहिली ओटी तिची. बाई वाईट मुळीच नव्हती, नुसती पहिली होती.

छप्पन साली वाटणी झाली आणि महालक्ष्म्या एक साल थोरलीकडं, एक साल धाकटीकडं असं ठरलं. पहिली पाळी पार्वताबाईची निघाली. आता असं काही मांडायचं की बायकांनी वर्षभर त्याचंच नाव काढावं, हे तिच्या मनानं घेतलं. तिचा भाऊ अमरावतीला बापूसाहेब वकिलांच्या बंगल्यावर माळी होता. तिथल्या हौदात जांभळी फुलं तरंगत, पाकळीवर मोरपिसासारखा डोळा. तिनं दोन रोपं मागून घेतली, तांब्यात घातली आणि मोटारीत मांडीवर धरून आणली. रात्री ती गंगाळात सोडली. पूजेच्या दिवशी पहाटे कळ्या उमलल्या होत्या.

बायका पाहतच राहिल्या. "हे कुठचं व फूल, पार्वते?" जमुनाबाईनंच विचारलं.

"मले काय पुसता, बाई. पहाटे उठून पाह्यलं, तं गंगाळात उमललेलं होतं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त अमरावती गाळली होती.

तिसऱ्या दिवशी मुखवटे पेटीत गेले आणि निर्माल्य रीतीप्रमाणे तळ्यात सोडलं, दोन्ही रोपांसकट. पुढच्या भादव्यात तळ्याचा एक कोपरा जांभळा झाला. पार्वताबाईच्या घरची लक्ष्मी तळ्यात उतरली, असं गावानं ठरवून टाकलं. कुंकवाचं पहिलं बोट आता तिला लागू लागलं, ओटीचे खण तिच्याकडं येऊ लागले. खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं. इतकं बरं, की ती रस्त्यानं जरा हळू चालू लागली, लोकांना नीट पाहता यावं म्हणून.

एकोणसाठ उजाडेपर्यंत तळं दिसेनासं झालं. बांधावरून पाहावं तर हिरवंगार शेत. म्हशी काठाशी येत, हुंगत आणि मागं फिरत. पानं सारून घागर बुडवावी तर काळं, वास मारणारं पाणी वर येई. शाळेतले रविकांत गुरुजी म्हणाले, ही जलपर्णी आहे, हिच्याखाली पाणी गुदमरतं, मुळासकट उपसून काढा. उत्तमराव पाटलांनी हात जोडले. "गुरुजी, तुमी शिकेल मानूस. पन देवीच्या बनाले हात लावाले मले सांगू नका." पाटील म्हणाले तेच गाव म्हणालं, आणि बायका नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणू लागल्या. झिरा कोसभर लांब.

साठच्या उन्हाळ्यात त्या वाटेवर जमुनाबाईचा गुडघा धरला. ती घागर उतरवून दगडावर टेकली. पार्वताबाईनं गुडघा चोळून दिला.

"लय दुखून राह्यला का, बाई?"

"दुखू दे. आपल्याच घरच्या देवीचं हाये ना ते. गुडघ्याचं काय येवढं."

पार्वताबाईला स्वतःची लाज वाटली, सरळ लाज.

दुसऱ्या सकाळी मारुतीच्या पारावर चार माणसं असताना तिनं सगळं सांगून टाकलं: भाऊ, हौद, तांब्या, मोटार. मग उत्तमराव गहिवरून म्हणाले, "पाहा, येवढा मान असून बाईले गर्व नाही. अवं, तुले अमरावतीले तरी कोनं नेलं? तिनंच ना." झालं. कबुली देऊन बाई आणखीच मोठी झाली.

पार्वताबाई चिडली. तशीच काष्टा आवळून तळ्यावर गेली, कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि देवीचं बन उपटू लागली. भारा डोक्यावर घेऊन ती गावातून गेली आणि तो तिनं सरळ आपल्या उकिरड्यावर फेकला. गाव बांधावर जमलं. आता बाईचं काय होतं ते पाहायला कामधाम सोडून सगळे बसले. दुपारपर्यंत तिला दोन जळवा लागल्या, बाकी काही झालं नाही.

मग जमुनाबाई लंगडत पाण्यात उतरली. गुरुजी धोतर खोचून आले. चंद्रभाननं बैलगाडी जुंपली आणि पहिली गाडी भरून आपल्या खताच्या खड्ड्याकडं हाकली. फुकटचं खत एकटा चंद्रभान नेतो म्हटल्यावर मात्र गावाची भीती घटकाभरही टिकली नाही. बारा गाड्या जुंपल्या. पोरं चिखलात लोळली, बायकांनी एकमेकींवर मुळं फेकली, पाटलांना कुणी ढकललं ते आजवर कळलेलं नाही. कुणाच्या घरून चुरमुरे-फुटाणे आले, कुणाच्या घरून गूळ.

दिवस कलताना मध्यभागी गाडीएवढं पाणी उघडं पडलं होतं. दोघी जावा तिथं शेजारी उभ्या होत्या.

"बाई," पार्वताबाई म्हणाली, "तुमी तरी माह्यं खरं मानता ना? मीच आनलं होतं ते."

"मले कावून सांगतं? तुह्यी भावजय मले अकोटच्या बाजारात भेटली होती. त्याच साली."

पार्वताबाईच्या हातातलं रोप तसंच राहिलं. "अन् तुमी बोलल्या नाही? चार सालं?"

"तुले पहिलं कुंकू लागलं, तवा तुह्यं तोंड पाह्यलं मी." जमुनाबाईनं एक मूळ जोर लावून उपटलं. "वीस बरसं मी पुढं बसली, पार्वते, अन् तू मागं बसून हासत होती. ते हासनं खरं नोतं, हे मले त्या दिवशी समजलं."

पार्वताबाईला रडू आलं आणि त्याच्यातच हसूही आलं. ती खाली वाकली, थोरल्या जावेपुढचं रोप धरलं, आणि दोघींनी मिळून ओढलं.