मध्यम उंचीचा माणूस

आमचे हे मध्यम उंचीचे आहेत. हे त्यांचं स्वतःचं मत. सत्तावीस वर्षं मी ते ऐकून घेते आहे आणि वरच्या फळीवरचे डबे काढून देते आहे. "अगं, तेवढा डबा काढ, माझे हात खराब आहेत," असं ते म्हणतात. त्यांचे हात खालच्या फळीसाठी कधीच खराब नसतात.

धंदा शिंप्याचा. गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल, खिशात खडू. शहरातल्या निम्म्या पुरुषांच्या कमरा त्यांना तोंडपाठ आहेत. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहतं आणि विचारतं, "चौतीसच ना?" हे म्हणतात, "चौतीस," आणि वहीत अडतीस लिहितात. पँट तयार झाली की आत पट्टीवर चौतीसचं लेबलसुद्धा शिवून देतात. गिऱ्हाईक खूश, पँटही बसते. इतका व्यवहार कळणारा माणूस, पण स्वतःचं माप त्यांनी आजवर घेतलेलं नाही. स्वतःची पँट ते अंदाजाने कापतात. ती लांब होते. मग खाली दुमडतात, मग आणखी एकदा दुमडतात. त्यांच्या एकेका पायाशी एवढं कापड साठलेलं असतं की त्यात एक हातरुमाल निघावा.

मुलगी माझ्यावर गेली आहे, उंचीने आणि तोंडानेही. चष्म्याच्या दुकानात ती लोकांची नजर तपासते आणि वर्षातून एकदा दोन मैत्रिणींबरोबर सायकलला सामान बांधून पाच दिवस समुद्राकडे जाते. तिला सायकल शिकवली ती यांनीच, सीट धरून मागे धावत. गेली चार वर्षं तिच्या निघायच्या दिवशी हे सकाळपासून तिच्या सायकलभोवती घोटाळायचे, चाकातली हवा बघायचे आणि "जपून" म्हणून आत यायचे. आपल्याला कोणीतरी 'चला' म्हणावं म्हणून माणूस किती वेळा हवा बघू शकतो, ते मी पाहिलेलं आहे.

या वर्षी ती म्हणाली, "बाबा, चला. पण आतापासून रोज दुकानात सायकलने जायचं. आणि निघायच्या दोन आठवडे आधी, सामान लावून पन्नास किलोमीटर करून दाखवायचे. नाही जमले, तर यंदा नाही."

"पन्नास काय, साठ करतो," हे म्हणाले.

"आणि सायकल तुमच्या मापाची घ्या."

हे तिने बोलायला नको होतं. यांनी लगेच वर्तमानपत्र उघडलं आणि त्यामागे गेले.

सायकलच्या दुकानात मीही गेले, कारण मला करमणूक सोडवत नाही. दुकानदार ताडमाड, सहा फुटांचा. त्याने यांच्याकडे वरून पाहिलं आणि विचारलं, "काका, उंची किती?"

"पाच-पाच."

मी भिंतीवरच्या पंपांकडे बघत राहिले. खरी उंची पाच-एक आहे, तीही सकाळी ताजी असताना.

दुकानदाराला डोळे होते. त्याने कोपऱ्यातून एक सायकल काढली. फ्रेम लहान, दांडा उतरता, चाकं सव्वीस इंची, मागे दणकट कॅरिअर, दोन्ही चाकांना मडगार्ड. "रोज कामावर जायला चांगली, लांबच्या प्रवासालाही चांगली. हँडल जवळ आहे, ब्रेकला बोटं पोचतील. तुमच्यासाठी हीच," तो म्हणाला. यांनी वाकून दांड्यावरचं लेबल वाचलं. तिथे सगळ्यात लहान साइज लिहिली होती. यांचा चेहरा असा झाला, जणू भर दुकानात कोणी त्यांच्याच कमरेला टेप लावली.

"ही शाळकरी पोरांची वाटते," हे म्हणाले. "ती दाखवा." ती म्हणजे काचेतली, काळी, मोठ्या चाकांची, एम साइजची.

दुकानदार दोनदा नको म्हणाला. मग गिऱ्हाईक ऐकत नाही म्हटल्यावर सगळे दुकानदार म्हणतात ते म्हणाला, "सीट खाली करून देतो." सीट खाली गेली ती अगदी बुडाला टेकेपर्यंत. दांडा मात्र होता तिथेच राहिला, कारण दांड्याला खाली जाता येत नाही. हे सायकल तिरपी करून बसले. एक पाय पायडलवर, दुसऱ्या पायाचा अंगठा तेवढा जमिनीला. "छान बसते," असं यांनी जाहीर केलं.

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण सत्तावीस वर्षांची सवय. आमच्या घरात सगळं बोलता येतं, एवढं एक सोडून.

दुसऱ्या दिवसापासून यांचं दुकानात जाणं म्हणजे एक मोहीम झाली. चालवताना ठीक, प्रश्न थांबायचा. रस्त्यात मध्येच थांबायचं तर पाय टेकायला काहीतरी उंच हवं. घर ते दुकान सहा किलोमीटर, आणि त्यात यांनी अकरा जागा हेरून ठेवल्या. पहिल्या सिग्नलला दुभाजकाची कड, दुसऱ्याला औषधवाल्याची पायरी, बँकेपाशी कठडा. त्या कठड्याला हे एका हाताने लटकून सिग्नल सुटायची वाट बघत. एकदा बँकेच्या रखवालदाराने विचारलं, "काका, आत काही काम आहे का?" जिथे पायरी नाही त्या चौकात हे थांबतच नसत, सिग्नल हिरवा होईपर्यंत गोल गोल फिरत. वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासायचं, म्हणून गोलही मोठा घ्यावा लागे. वाहतूक पोलीस आधी ओरडायचा, पुढे पुढे हात करायला लागला.

घरी येऊन मला सांगायचे, "मशीन एक नंबर आहे."

तिसऱ्या आठवड्यात औषधवाल्याच्या पायरीशी कोणीतरी स्कूटर लावून ठेवली. पाय टेकायला गेले तिथे पायरी नव्हती. पडले ते शाळा सुटायच्या वेळी, फाटकासमोर. कॅरिअरवरच्या तीन पँटी रस्त्यावर पसरल्या आणि त्या गोळा करून दिल्या पाचवीतल्या मुलींनी. एक म्हणाली म्हणे, "आजोबा, दादाची सायकल घेऊन आलात का?" मनगट सुजलं. चार दिवस कात्री धरता येईना.

"रस्ता खराब आहे," हे म्हणाले.

चष्म्याच्या दुकानातून मुलीचा फोन आला. मी फोन स्पीकरवर ठेवला होता, ही माझी चूक. ती प्रेमानेच म्हणाली, "बाबा, राहू दे सायकल. मैत्रिणीचा भाऊ यंदा गाडी घेऊन सोबत येणार आहे. तुम्ही त्यात बसून या ना. संध्याकाळी भेटूच आपण."

हे "बघू" म्हणाले. मग शिलाई मशीनवर बसले आणि दोरा न ओवता पायडल मारत राहिले. एरवी मी यावर आठवडाभर हसले असते. त्या दिवशी मला यांची फार दया आली, आणि तितकाच संताप. चार वर्षं वाट बघून माणसाला 'चला' ऐकायला मिळतं, आणि तो चार इंचांसाठी ते घालवतो! पन्नास किलोमीटरच्या परीक्षेला अकरा दिवस उरले होते.

मी दोरीवरची यांची पँट उतरवली, यांचीच टेप घेतली, आतल्या पायाचं माप घेतलं आणि सायकलवाल्याकडे गेले. लहान सायकल अजून कोपऱ्यात होती. काळी परत घ्यायला तो कुरकुरला. खरचटलेला दांडा दाखवायला लागला. मी म्हटलं, "दादा, माणूस त्याहून जास्त खरचटलाय." मग तयार झाला.

"आणखी एक करा. हे लेबल काढा आणि एमचं लावा."

तो हसायला लागला. मी हसले नाही. "आमच्या दुकानात हेच चालतं," मी म्हटलं. "रोज."

घरी आणून मी थाप मारली की काळ्या सायकलीत कंपनीचाच काही दोष निघाला म्हणून बदलून मिळाली. यांनी नवीन सायकलीभोवती एक फेरी मारली. दांड्याशी वाकले, लेबल वाचलं. बराच वेळ वाचलं, एका अक्षराला लागावा त्यापेक्षा जास्त. मग नखाने त्याचा कोपरा उचलला आणि ते सोलून काढलं.

"तिरकं लावलंय," हे म्हणाले. "माप कुठून घेतलंस?"

"दोरीवरच्या पँटवरून."

"पँटवरून चुकतं. सायकलला पार वरपर्यंत लागतं." गळ्यातली टेप काढून त्यांनी माझ्या हातात दिली. बूट काढून, पाय थोडे फाकवून भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि छताकडे बघत म्हणाले, "नीट घे. आणि मोठ्याने सांग."

मी गुडघ्यावर बसून माप घेतलं आणि मोठ्याने सांगितलं. शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मला तो आनंद सोडवला नाही.

त्या मापावरून सीट लावली. हे सायकलवर बसले, पायडल मारून गल्लीच्या टोकाला गेले, वळून आले आणि भर गल्लीत, जिथे ना पायरी ना कठडा, तिथे सीटवरून पुढे उतरून दोन्ही पाय सपाट टेकवून उभे राहिले. उभेच राहिले. मागून रिक्षावाला हॉर्न देत होता.

पन्नास किलोमीटर यांनी केले. चढावर मुलगी मागे राहिली, असं हे सांगतात. ती म्हणते, ती मागून येणाऱ्या ट्रककडे लक्ष ठेवत होती. दोघांचंही खरं असेल.

निघायच्या दिवशी सकाळी मुलीची मैत्रीण म्हणाली, "काकू, तुम्ही पण या, तिघांचा एक फोटो काढते." मी यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि गाऊनच्या आत गुडघे जरा वाकवले. लग्नापासून प्रत्येक फोटोत मी असेच वाकवत आले आहे. कोणाला दिसत नाही, नुसती उंची तीन-चार इंच उतरते.

"गुडघे सरळ कर," हे म्हणाले.

"कसले गुडघे?"

"अगं, शिंपी आहे मी. कापडाची घडी कुठे पडते ते मला दिसतं. सत्तावीस वर्षं दिसतंय."

दिसत होतं! पहिल्या दिवसापासून दिसत होतं, आणि या माणसाने मला सत्तावीस वर्षं तसंच वाकून उभं राहू दिलं. मी त्यांच्यासाठी खोटं उभी राहत होते, आणि ते खुशाल ते अंगावर घालून फिरत होते.

मी सरळ उभी राहिले. फोटो निघाला. त्यात हे माझ्या कानाला लागतात आणि हसत आहेत, मुलगीही हसते आहे. माझा चेहरा रागाने लाल आहे आणि डोळ्यांत पाणी आहे. फोटो बघून झाल्यावर मी यांच्या पुढच्या चाकातली हवा दाबून बघितली आणि म्हटलं, "निघा आता. आल्यावर बोलू."