वीस मिनिटं

“साइट आपल्याच लोकायची आहे, त्यायच्यावर काहून शंका घ्यायची वं?” असं जितेंद्र एकदा हसत म्हणाला होता.

म्हणाला होता भूमिकाला. दोघं महाल वस्तीतल्या एका खोलीत बसून वेबसाइट बनवत. ही विणकर समाजाच्या वधू-वर मंडळाची. जितेंद्रच्या बापाचा जन्म मागावर गेला, म्हणून हे काम त्यानं हौसेनं अंगावर घेतलं होतं.

फॉर्मात एक रकाना फक्त मंडळासाठी होता, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा. आईबाप दोघंही वाहक असले की लेकरांना तो आजार होऊ शकतो. तशी जोडी जुळू नये म्हणून लोक विश्वासानं खरं लिहीत.

भूमिकानं शोधाच्या चौकटीवर बोट ठेवलं होतं. तिथं गावाचं नाव टाकलं की जितेंद्रचा प्रोग्रॅम ते जसंच्या तसं डेटाबेसला द्यायच्या हुकमात चिकटवायचा.

“नावाच्या जागी कोणी हुकूमच लिहिला तं? डेटाबेस सारी माहिती बाहेर देईन. हुकूम आधी पक्का बांध, नाव वेगळं दे. मग काहीही लिहो, ते नावच राह्यते.”

“लेकीसाठी स्थळ पाहणारे उमरेडचे बाबनराव हुकूम लिहितीन काय?”

बाबनरावांनी नाही लिहिला. कुणीतरी लिहिला. वाहकांची यादी नावानिशी गावोगावच्या मोबाइलवर फिरली, आणि बाबनरावांच्या लेकीचं, रोशनीचं ठरलेलं साक्षगंध मोडलं; मुलाकडच्यांनी साखरपुडाच नको म्हटलं. त्याच दुपारी जितेंद्रनं भूमिकाचं ऐकून हुकूम पक्का बांधला. काम संपल्यावर उगाच घड्याळ पाहिलं.

मंडळाच्या बैठकीत तो दाराशी बसला.

“हे चोर मोठमोठ्या बँका फोडतात,” अध्यक्ष मनोहरराव म्हणाले. “आपला पोट्टा काय करणार?”

बाबनरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “जेवून नाही राहिला म्हणे तू? असं नको करू गा.”

तो हात त्याला सोसवेना. “काका, चोर मोठा नव्हता. दारालेच कडी नव्हती. मले सांगितलं होतं, मीच नाही लावली.”

हात पाठीवरच राहिला. काढायचा कसा, हे बाबनरावांनाही कळेना.

बापासोबत आलेली रोशनी भिंतीशी उभी होती.

“आता लावली?”

“लावली.”

“किती वेळ लागला, दादा?”

दोन दिवस, असं जिभेवर आलं. त्यानं ते गिळलं.

“वीस मिनिटं.”

चहाचे कप आले, कुणी उचलले नाहीत. जितेंद्र त्या हाताखालून उठला, चपला हातात घेतल्या आणि पायऱ्या उतरून गेला.