निर्मलाकाकू उतारावर

निर्मलाकाकूंचा पाय चुकून कुणाला लागला, की त्या लगेच वाकून त्या माणसाला हात लावत आणि तो हात आपल्या कपाळाला नेत. आपल्यापैकी बरेच जण हे करतात. पण काकू ते इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या बसमध्ये करत. शेजारचा साहेब पेपर वाचत असायचा, काकूंचा बूट त्याच्या बुटाला लागायचा, काकू वाकायच्या, आणि साहेब दचकून आधी स्वतःच्या नाड्या बघायचा, मग खिसा चाचपायचा.

"काकू, इथे सॉरी म्हटलं तरी चालतं," मी एकदा म्हणाले.

"सॉरी तोंडानं म्हणतात गं. लागला कोण? पाय," त्या म्हणाल्या. विषय संपला.

आम्ही दोन हजार सालच्या सुमाराला पुण्याहून नोकरीसाठी ब्रॅकनेलला आलो, तेव्हा काकू आमच्या शेजारी होत्या. त्यांचे यजमान इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकू तीन बेडरूमच्या घरात एकट्या राहायच्या, मागच्या अंगणात मेथी लावायच्या आणि कचरा न्यायला येणाऱ्या कौन्सिलच्या माणसांना बिन कसा ठेवावा हे शिकवायच्या. मला पहिल्याच आठवड्यात त्यांनी फॅमिली डॉक्टर, लायब्ररी आणि बरं दही कुठे मिळतं ते सांगितलं. मी ते लगेच लिहून घेतलं. तेव्हापासून आमचं जमलं.

मग एका हिवाळ्यात काकू बस स्टॉपवर बर्फावरून घसरून पडल्या. मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. पण त्यांचा मुलगा राहुल लीड्सला राहायचा, आणि त्यानं फोनवरून निर्णयच घेऊन टाकला: घर विकायचं, आईनं लीड्सला यायचं. शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत तो आपल्या सात वर्षांच्या मायाला घेऊन आला, ते एस्टेट एजंटची सोमवारची वेळ ठरवूनच.

मायाला स्कीइंग शिकायचं होतं. गावाबाहेर नवशिक्यांसाठी एक छोटी ड्राय स्लोप होती. बुकिंग मी केलं. लांब बाह्यांचे कपडे, हातमोजे, जाड मोजे, पाणी, बँड-एड, सगळं दोन पिशव्यांत भरलं. तिसरी पिशवी काकूंची. तिच्यात दशम्या आणि लसणाची चटणी.

ड्राय स्लोप म्हणजे तिथे बर्फ नसतो. टेकडीच्या अंगावर पांढऱ्या प्लास्टिकच्या ब्रशांच्या चटया अंथरलेल्या असतात आणि घसरायला सोपं जावं म्हणून त्यांवर पाणी मारतात. काकूंनी एक चटई बोटानं दाबून बघितली.

"अगं मेधा, हे तर पायपुसणं आहे. लोक पैसे देऊन पायपुसण्यावरून घसरतात?"

कँटीनमध्ये दशम्या खाताना राहुलनं विषय काढलाच.

"आई, एजंट मंडेला येतोय. ती घर खूप मोठी आहे. आणि तू पडतो."

"घर मोठं. आणि तू पडतेस," काकूंनी सुधारलं.

"एक्झॅक्टली! तू पडतेस!"

काकूंनी दशमी खाली ठेवली. मला वाटलं, आता रडतील. काकू काचेतून उताराकडे बघत होत्या. लहान मुलांचा क्लास चालू होता आणि आठातली सहा मुलं आडवी होती.

"राहुल, मी त्या टोकापासून खालपर्यंत एकदा जरी न पडता आले, तर तो एजंट येणार नाही. घराचा विषय मी काढेपर्यंत कुणी काढायचा नाही."

"आणि पडलीस तर?"

"सोमवारी एजंटला चहा मी करीन."

राहुल इतका हसला की त्याला चटणीचा ठसका लागला. "डन, आई."

"अहो काकू," मी म्हणाले, "मनगट आत्ता कुठे बरं झालंय."

"स्की काय मनगटात घालतात?"

पुढच्या तासाच्या नवशिक्यांच्या क्लासमध्ये जागा होती. काकूंनी सलवार मोज्यांत खोचली, वर डॉक्टरकाकांचा जुना रेनकोट चढवला. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, म्हणून अंबाडा सोडून वेणी घातली. शिकवणारा गॅरी लालबुंद चेहऱ्याचा, दणकट माणूस होता. स्कीची टोकं पुढे जुळवायची, टाचा फाकवायच्या, म्हणजे वेग कमी होतो, असं त्यानं दाखवलं आणि म्हणाला, "पिझ्झाचा तुकडा करा, लव्ह."

"घडीच्या पोळीचा त्रिकोण," काकू मला म्हणाल्या. "एवढंच ना? चाळीस वर्षं करतेय."

आणि खरंच, त्यांना ते जमलं. त्या हळूहळू, गुडघे वाकवून, मंडईतून निघाल्यासारख्या खाली येऊ लागल्या. राहुलचं हसू मावळत चाललं. निम्म्यात एक पिवळ्या जॅकेटचा मुलगा पडला होता. काकूंच्या स्कीचं टोक त्याच्या बुटाला लागलं. काकू त्याच्या बुटाला हात लावायला वाकल्या, हात कपाळाला नेला आणि धपकन त्याच्या शेजारी बसल्या.

"काकू! नमस्कार कशाला करायचा?" मी खालून ओरडले.

"पाय लागला ना!"

"तो पाय नाही, स्की आहे!"

"बूट पायात, फळी बुटाला. मग फळी म्हणजे पायच!"

आता अडचण अशी, की काकूंचा पाय दीड मीटर लांब झाला होता आणि उतारावर जिकडेतिकडे माणसं पसरली होती. दुसऱ्या खेपेला त्या एका बाईंना लागल्या. वाकल्या, पडल्या. तिसऱ्या खेपेला खुद्द गॅरीला लागल्या. त्याला वाटलं त्या आधार मागताहेत, म्हणून त्यानं हात धरायला पुढे केला, तर काकूंनी त्याच्या गुडघ्याला हात लावून कपाळाला नेला आणि दोघं मिळून पडले. पिवळ्या जॅकेटवाल्या मुलाला हा स्कीइंगचा नियमच वाटला. त्यानं तो बाकीच्यांना सांगितला. थोड्याच वेळात गोरी पोरं एकमेकांवर आदळून, बुटांना हात लावून, गंभीरपणे कपाळाला नेऊ लागली. मायाही त्यांच्यात होती.

"नाइस बिट ऑफ मॅनर्स, दॅट," गॅरी म्हणाला.

तास संपत आला. शेवटची खेप उरली. मी बाजूच्या रबरी वाटेनं वरपर्यंत गेले आणि काकूंना गाठलं.

"काकू, एवढ्या एका वेळेला नका करू. घराचा प्रश्न आहे."

त्या दमल्या होत्या. हेल्मेट एका कानावर आलं होतं. खाली राहुल फोन हातात घेऊन उभा होता.

"संस्कार काय भाड्याच्या बुटांच्या बदल्यात काउंटरवर ठेवून येऊ?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी सगळा उतार नजरेखालून घातला, जेवायला किती मंडळी येणार याचा अंदाज घ्यावा तसा. आणि तिथेच, सपाटीवर, नीट वाकून त्यांनी चटईला हात लावला आणि कपाळाला नेला.

"हा नमस्कार सगळ्यांना मिळून. आधीच. आता लागला तर लागला."

मी आयुष्यभर कामं वेळेआधी उरकत आले आहे, पण हे मला सुचलं नसतं.

काकू निघाल्या. पिवळ्या जॅकेटला लागल्या, थांबल्या नाहीत. त्या बाईंना घासून गेल्या. गॅरी "पिझ्झा! पिझ्झा!" म्हणून ओरडत होता, काकू "पोळी! पोळी!" म्हणत होत्या. शेवटच्या टप्प्यावर पाणी जास्त मारलेलं होतं. तिथे पोळी उलगडली आणि काकू सरळ सुटल्या. राहुल आईला झेलायला हात पसरून पुढे धावला. त्याच्या नडगीवर स्की बसली. राहुल चटईवर उताणा पडला आणि काकू त्याच्या शेजारी थांबल्या. उभ्या.

"ग्रँडमा जिंकला!" माया किंचाळली.

काकूंनी मुलाकडे वरून बघितलं. "लागलं का रे? उठ हळूहळू. आणि त्या एजंटला फोन कर."

राहुलनं तिथेच, आडव्यानंच, फोन केला. शब्दाचा पक्का निघाला पोरगा. पुढची चार वर्षं त्यानं घराचं नाव काढलं नाही. यायचा, लॉन कापायचा, छपराच्या पन्हळीत साठलेली पानं काढायचा, मेथीची जुडी घेऊन परत जायचा.

मग एका सप्टेंबरात काकूंनी मला हाक मारली. "मेधा, रिकामी खोकी आहेत का गं तुझ्याकडे? मी लीड्सला जातेय."

माझ्याकडे खोकी होती, टेप होती, मार्करही होता. आणायला मात्र मी उठले नाही. "पण का? राहुल काही बोलला का?"

"काही बोलला नाही, म्हणूनच तर. चार वर्षं वाट बघितली त्यानं. आता गुडघे कुरकुर करतात, जिना नको वाटतो. म्हटलं, आता माझं मी जाते."

निघायच्या दिवशी सगळं गाडीत भरून झालं. राहुल काकूंसमोर उभा राहिला. "आई, शुअर आहेस ना? नको असेल तर आत्ता सगळं परत आत ठेवतो."

"आता विचारलंस ना?" काकू म्हणाल्या. "मग शुअर."

आणि त्या पुढच्या सीटवर बसल्या. पट्टा लावायच्या आत त्यांनी राहुलला लीड्सचा रस्ता सांगायला सुरुवात केली होती, आणि तो चुकीचा होता.