उतारावरचा जिमखाना

चांदा जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजचा जिमखाना पन्नासच्या दशकाच्या शेवटी, एका मे महिन्यात पाडण्यात आला. सागाचे खांब, बांबूच्या ताट्यांच्या भिंती आणि वर कवेलू, म्हणजे कौलं, अशी ती इमारत होती. आतली जमीन दारापासून उतरत जाई आणि पलीकडच्या टोकाला छातीइतकी खोल होई.

ठेकेदार मूल गावाकडचा होता. त्याने आयुष्यभर नाटकांचे मंडप उभारले होते. आमच्याकडे धान निघालं की मोकळ्या शेतात नाटक होतं. प्रेक्षकांची जागा रंगमंचाकडे उतरती खणतात, म्हणजे पुढच्याचं डोकं मागच्याच्या आड येत नाही. प्राचार्यांनी त्याला बॅडमिंटनचा हॉल बांधायला सांगितला. पाहायला कोण येणार, असं त्याने विचारलं. सगळं कॉलेज येईल, असं उत्तर मिळालं. त्याने जमीन खणली.

क्रीडाशिक्षक दिवाळीच्या सुट्टीवरून परतले तेव्हा कवेलू चढले होते. मी जिमखान्याचा विद्यार्थी चिटणीस म्हणून त्यांच्यासोबत होतो.

"हा उतार कशाला?" त्यांनी विचारलं.

"उतार नाई ठेवला तं मागच्याले दिसन कसं, मास्तर?"

"इथे खेळायचं आहे. बघणारे काठावर उभे राहतील."

"उभे? बायामानसं उभी राहीन? काऊन, कोनी मेलं का?"

क्रीडाशिक्षकांची नोकरी तात्पुरती होती. विद्यापीठाची समिती येऊन क्रीडागृह मान्य करील, तरच ती कायम होणार होती. त्यांचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, पण बायको नागपुरात माहेरीच होती. जावई कायम झाल्याशिवाय मुलगी जंगलात पाठवणार नाही, असं सासऱ्यांनी कळवलं होतं.

उतार बुजवायला मंजुरी मिळाली नाही. हिवाळाभर आम्ही तिथेच बॅडमिंटन खेळलो. वरच्या बाजूचा खेळाडू कधी हरला नाही.

समिती हिवाळ्यात येणार होती, ती ऑगस्टमध्ये आली. तोवर शेजारच्या शेतांचं पाणी आत शिरून जिमखाना दारापर्यंत भरला होता. कोणीतरी त्यात मासे सोडले होते. समितीचे अध्यक्ष दारात थांबले.

"छपराखाली तलाव," अध्यक्ष म्हणाले. "नागपुरातसुद्धा नाही. पोहायला कोण शिकवतं?"

प्राचार्यांनी क्रीडाशिक्षकांकडे पाहिलं. क्रीडाशिक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना पोहता येत नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"पोहून दाखवा," अध्यक्ष म्हणाले.

ठेकेदार बिलासाठी आला होता. तो क्रीडाशिक्षकांच्या कानाशी हळूच म्हणाला, "चालत जा, मास्तर. उतार एकसारका हाये. हात तेवढे मारा."

क्रीडाशिक्षक पाण्यात उतरले. कमरेपर्यंत पाणी आल्यावर ते पुढे वाकले आणि हात मारत पलीकडच्या भिंतीपर्यंत चालत गेले. मध्ये एकदा पायाला मासा लागला तेव्हा ते ओरडले. समितीच्या एका सदस्याने टाळ्या वाजवल्या. परत येताना चढ लागला, त्यामुळे वेग थोडा कमी झाला.

क्रीडाशिक्षकांसाठी जलतरण शिक्षकाचं कायम पद मंजूर झालं. दिवाळीनंतर त्यांची बायको आली.

पुढच्या पावसाळ्यांत खांब खालून कुजले, म्हणून इमारत पाडायचं ठरलं. काम त्याच ठेकेदाराला मिळालं. त्याने कवेलू उतरवले, ताट्या सोडल्या, खांब उपटले आणि काम झाल्याचं कळवलं.

"खड्डा राहिला," प्राचार्य म्हणाले.

"खड्डा कसा पाडाचा, साहेब?"

जलतरण शिक्षकाचं पद कायम असल्यामुळे रद्द झालं नाही.

त्या वर्षी धान निघाल्यावर खड्ड्यात नाटक झालं. मंडप त्याच ठेकेदाराचा होता. जलतरण शिक्षक, त्यांची बायको आणि नागपूरहून आलेले सासरे शेवटच्या रांगेत बसले होते. मी त्यांच्या शेजारी होतो. तिथून रंगमंच पूर्ण दिसत होता.