अंगठ्याखालचा निकाल

आमच्या भावोजींचं चष्म्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे पुढे एक काउंटर, त्यामागे भिंगं घासायचं मशीन आणि त्याच्याही मागे एक लांबोडकी अंधारी खोली, जिच्या टोकाला अक्षरांचा उजळलेला तक्ता. या खोलीत त्यांनी अर्ध्या वस्तीला खुर्चीत बसवून "हा बरा की हा बरा?" असं विचारलेलं आहे. सवय इतकी मुरलेली, की ताईनं घरात नवा पडदा लावला तरी एक डोळा मिटून म्हणतात, "आधीचा बरा होता." ताई म्हणजे माझी थोरली बहीण. पडदा तीच ठरवते, त्यामुळे त्यांनी कोणता डोळा मिटला याला महत्त्व नाही.

भावोजींचा खरा राग एकाच जातीच्या गिऱ्हाइकांवर. तक्ता पाठ करून येणाऱ्यांवर. ही मंडळी बाहेर बाकावर बसल्या बसल्या दाराच्या फटीतून अक्षरं घोकतात आणि खुर्चीत बसली की धडाधड म्हणून दाखवतात. भावोजी गुपचूप तक्ता पालटतात. माणूस आपला जुनाच तक्ता म्हणत राहतो. मग भावोजी दिवा लावतात. "अहो, दिसत नसेल तर 'दिसत नाही' म्हणा! त्यात लाज कसली? मी काय छडी मारणार आहे?" हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलंय, की ते ध्वनिमुद्रित करून खुर्चीलाच बसवावं, असं मी एकदा सुचवलं होतं.

असा हा माणूस जपानीच्या वाटेला गेला तो लेकीपायी. माझी भाची, त्यांची एकुलती एक लेक, नोकरीसाठी जपानला गेली आणि तिथल्या एका सुताराच्या मुलाशी तिचं जमलं. मुलगा इंग्रजी बोलतो. मुलाचे वडील फक्त जपानी बोलतात, तेही म्हणे माणसांपेक्षा लाकडाशी जास्त.

"व्याह्यांशी मी त्यांच्याच भाषेत बोलणार," भावोजींनी जाहीर केलं. "दोन बापांच्या मध्ये तिसरा कशाला?"

आणि त्यांनी क्लास लावला. क्लासमधली पोरं त्यांना काका म्हणत. शिकवणाऱ्या मॅडम भाचीपेक्षाही लहान. भावोजी त्यांच्यापुढे हात वर करून पाणी प्यायला जाण्याची परवानगी मागत.

पहिल्या दोन परीक्षा त्यांनी सहज मारल्या. त्यांत 'हे पेन आहे' आणि 'काल मी बाजारात गेलो' यावर भागतं. तिसऱ्या, म्हणजे पाचांतल्या मधल्या परीक्षेत मात्र माणसाला मन फुटतं. जायला हवं होतं पण गेलो नाही, जावंसं वाटलं पण बरं दिसलं नसतं, गेलो असतो तर पस्तावलो असतो असंही नाही. अशा प्रत्येक भानगडीला वेगळा साचा. भावोजींनी साच्यांचे कागद करून दुकानात जागा मिळेल तिथे चिकटवले. एक चिकटवला थेट तपासणीच्या तक्त्याखाली. एक आजीबाई खुर्चीत बसल्या, वरच्या ओळी नीट वाचल्या आणि खाली आल्यावर पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "संपलं रे बाबा. खालची सगळी अक्षरं मोडकी दिसायला लागली."

तो कागद ताईनं स्वतः येऊन काढला.

व्याकरणात भावोजी वाघ झाले. अडचण होती ती ऐकण्याच्या पेपरची. टेपवरची बाई भराभर बोलून मोकळी होते आणि भावोजी तिच्या पहिल्याच शब्दापाशी उभे. त्यावर मॅडमनी एक मंत्र दिला होता. "काका, अडकून राहायचं नाही. कळलं नाही तर अंदाजानं खूण करायची आणि पुढे जायचं. चुकलं तर गुण कापत नाहीत."

"गुण कापत नाहीत!" भावोजी मला म्हणाले. "केवढा उदार देश आहे, बघा मेहुणे."

निकाल मोबाइलवर आला. व्याकरणात वरची श्रेणी. ऐकण्यात किमान गुणसुद्धा नाहीत, म्हणून सगळ्यात खाली 'अनुत्तीर्ण'. ताई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली. "काय झालं हो?" भावोजींनी मोबाइल तिच्यापुढे धरला. खालच्या अर्ध्या भागावर त्यांचा अंगठा होता.

"व्याकरणात वरची श्रेणी," ते म्हणाले.

खोटं असं ते एक अक्षर बोलले नाहीत. फक्त अंगठा उचलला नाही.

पुढचं काम ताईनं केलं. हात पुसायच्या आत बातमी तळमजल्यापर्यंत पोचली. तळमजल्यावरचे शिंपी त्यांना "काय जपानी साहेब!" म्हणायला लागले. मी स्वतः चार माणसांत उभं राहून त्यांच्या जिद्दीवर छोटंसं भाषण ठोकलं. भाषणभर भावोजींचे कान लालभडक. आम्ही म्हटलं, काय विनय आहे!

संध्याकाळी सांगू, उद्या सांगू असं त्यांच्या मनात होतं म्हणे. पण तेवढ्यात भाचीचा फोन आला. "बाबा, मी सासऱ्यांना सांगितलं तुम्ही पास झालात. त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला. मग म्हणाले, आता मीच त्यांना फोन करतो. मध्ये कुणी नको." झालं. अंगठा तिथेच राहिला.

रविवारी सकाळी व्याही पडद्यावर आले. रुंद खांद्यांचे, पांढऱ्या केसांचे, मागे भिंतीवर करवती ओळीनं टांगलेल्या. भावोजी कोट घालून बसलेले. ताई आणि मी कॅमेऱ्यात दिसणार नाही असे बाजूला. व्याह्यांनी वाकून नमस्कार केला आणि बोलायला सुरुवात केली. बोलणं कसलं, लाकडावर रंधा चालवल्यासारखा तो आवाज सलग येत होता. भावोजी मान डोलवत होते, "हो, हो, अगदी बरोबर" असं जपानीत म्हणत होते. एकदा व्याही थबकले, भुवया वर करून त्यांनी काहीतरी पुन्हा विचारलं. भावोजी हसून म्हणाले, "हो, हो!" त्यांनी आणखी एकदा विचारलं. भावोजींनी आणखी जोरात होकार भरला. व्याह्यांनी हळूच मान खाली घातली आणि फोन संपला.

"काय म्हणाले?" ताईनं विचारलं.

"असंच. घरगुती," भावोजी घाम पुसत म्हणाले.

काय म्हणाले ते दुसऱ्या दिवशी भाचीकडून कळलं. तिचा आवाज थंड होता. "आई, बाबा लग्नाला येणार नाहीत?"

व्याह्यांनी रीत म्हणून विचारलं होतं. प्रवास लांबचा, तुमची दगदग होईल, इथला हॉलही लहान. आम्ही इथल्या इथे उरकून घेतलं तर चालेल का? समोरच्यानं 'छे छे, असं कसं?' म्हणावं म्हणून विचारायचा प्रश्न. भावोजी हो म्हणाले. बिचाऱ्यांनी परत परत विचारलं, प्रत्येक वेळी हे हसत हो म्हणाले. मॅडमचा मंत्र. अंदाजानं खूण करायची आणि पुढे जायचं.

"अहो, असं म्हणालात तुम्ही?" ताईनं विचारलं.

आता खरं सांगायची वेळ होती. भावोजींनी ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. म्हणजे... प्रवास लांबचाच आहे गं. आपली वयं झाली."

ताईचा त्यावर विश्वास बसला, हे सगळ्यात वाईट. ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पण भाजी जास्त झाली की कमी, हे विचारायची नाही. एकुलत्या एका लेकीच्या लग्नाला न जाणारा बाप म्हणून हा माणूस जगायला तयार झाला होता, पण नापास झालेला विद्यार्थी म्हणून नाही.

मी भांडायच्या तयारीनंच दुकानात गेलो. आत तपासणी चालली होती. खुर्चीत एक ड्रायव्हर, डोळे बारीक करून, घडाघडा अक्षरं म्हणत होता. तक्ता भावोजींनी केव्हाच पालटलेला होता. मी त्या सुप्रसिद्ध वाक्याची वाट पाहत दारात उभा राहिलो.

"अहो, दिसत नसेल तर..." भावोजींनी सुरुवात केली आणि थांबले. ड्रायव्हर ओशाळून त्यांच्याकडे बघत होता. भावोजी त्याच्यापेक्षा ओशाळले होते. "बसा तुम्ही," ते हळू आवाजात म्हणाले. "होतं असं. आपण पहिल्यापासून करू."

ड्रायव्हर गेल्यावर त्यांनी मोबाइल काढून माझ्यापुढे काउंटरवर ठेवला. हात मागे घेतला. मी वरपासून खालपर्यंत वाचलं.

मला हसू आलं, ते मी दाबायला गेलो आणि ते नाकातून निघालं. भावोजी हसले नाहीत.

"मेहुणे, मला एक शब्द कळला नाही हो. एकसुद्धा नाही. करवती मोजत बसलो होतो मी."

"मग पोरीला सांगा."

"काय सांगू? बापानं अंगठा ठेवला होता म्हणून?"

"तेच."

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. अंगठ्यासकट सगळं सांगून टाकलं. मग भाची म्हणाली, "म्हणजे तुम्हाला यायचंय?"

"यायचंय गं. तुझ्या जन्माआधीपासून यायचंय."

"मग त्यांना सांगा. तुम्हीच सांगा. मी शेजारी बसेन, पण तोंड उघडणार नाही. तुम्हालाच तिसरा नको होता ना?"

ही ताईचीच लेक, यात शंका नाही. कारण ताईनंही ऐकल्यावर एवढंच म्हटलं, "मजल्यामजल्यावर मी सांगून आले होते. आता तुम्ही जा." आणि भावोजी गेले. प्रत्येक दाराशी उभे राहून "मी नापास झालोय, गैरसमज नको" म्हणून आले. शिंप्यांनी विचारलं, "मग आता साहेब म्हणायचं की नाही?" भावोजी म्हणाले, "काहीच म्हणू नका."

पुढच्या रविवारी कोट नव्हता. व्याही तसेच, करवतींपुढे, पण चेहरा गंभीर. शेजारी भाची, ओठ मिटून. भावोजींनी वाक्यं आदल्या दिवशी आम्हाला मराठीत म्हणून दाखवली होती, म्हणून आम्हाला कळत होतं. एकाही वाक्यात मधल्या परीक्षेतला साचा नव्हता. मागच्या वेळी मला कळलं नाही. मी नापास आहे. लाज वाटली म्हणून हो म्हटलं. मला लग्नाला यायचं आहे.

व्याही कॅमेऱ्याजवळ सरकले. मग बोलू लागले आणि रंधा पुन्हा सुरू झाला. भावोजींची मान सवयीनं डोलायला लागली. ताईनं टेबलाखालून त्यांचा गुडघा दाबला.

"कळलं नाही," भावोजी जपानीत म्हणाले. कान लाल. "पुन्हा सांगा."

व्याह्यांनी पुन्हा सांगितलं. "कळलं नाही." पुन्हा हळू सांगितलं. "नाही कळलं." भाचीनं खालचा ओठ दातांत धरला होता. व्याही उठून गेले. आम्हाला वाटलं, रागावले. ते आले ते एक फळी घेऊन. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी तिच्यावर मोठ्या, लहान मुलांसाठी लिहावीत तशा अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि फळी कॅमेऱ्याला जवळजवळ चिकटवली.

"जरा मागे," भावोजी मराठीतच म्हणाले आणि हातानं खूण केली. "अजून... हं, बस."

बोट हवेत धरून ते एकेक अक्षर वाचू लागले. एका शब्दाला चुकले. व्याह्यांनी मान हलवली. भावोजींनी अंदाज केला नाही, तो शब्द पुन्हा लावला. व्याह्यांनी मान डोलवली.

"लिहिलंय, दोन खुर्च्या करतोय," भावोजींनी आम्हाला सांगितलं. "लग्नात तुमच्यासाठी."

पलीकडे व्याही मोठ्यानं हसले. भाचीही रडत हसली. भावोजींना मात्र पडद्याकडे बघवेना. त्यांनी चष्मा काढला आणि मान खाली घालून पुसत बसले, पुसतच बसले.

"पुरे हो," ताई म्हणाली, "नंबर बदलेल."