सुतळीनं बांधलेलं बटण

पत्रा कापायच्या प्रेसचा ठोका पडला तेव्हा माझ्या सुनेचा उजवा हात आत होता. शेजारच्या प्रेसवरच्या कामगारानंच धावत येऊन मेन स्विच पाडला. मी तिथं झाडलोट करते, दारातच उभी होते.

कुपवाडच्या त्या कारखान्यात सगळ्यात जास्त माल तो काढायचा. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे हात आत राहत नाही. हा एक बटण दाबलेलंच राहील असं सुतळीनं बांधून ठेवायचा आणि मोकळ्या हातानं पत्रा सारायचा. गालात सुपारी, मान कायम एका बाजूला. साहेब बाकीच्यांना म्हणायचे, "त्याच्याकडं बघा जरा."

मी म्हणायचे, "आरं, बोटं जातील."

"मावशी, बोटांस्नी कळतंय कवा सरकायचं."

त्याच्या बोटांना कळतही होतं.

सून नवी होती, मागं पडायची. साहेब तिला काढणार होते, म्हणून त्यानं तिचंही बटण बांधून दिलं. "वहिनी, आता बगा माल कसा निघतोय." चांगल्या मनानं दिलं, ते मला ठाऊक आहे.

सुनेचा हात गेल्यानंतर त्यानं स्वतःची सुतळी कापली. माल निम्म्यावर आला.

"म्हातारा झालास व्हय रं?" साहेबांनी विचारलं. त्याला पॅकिंगला टाकलं. त्याच्या जागी आलेल्यानं पहिल्याच दिवशी माझ्याकडं सुतळी मागितली.

मी दिसले की पॅकिंगवरचा तो खाली बघतो. त्याची बोटं शाबूत आहेत. माझ्या सुनेच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी उरली.