सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवरची लाल चौकट

सासऱ्यांनी दुपारचा चहा तसाच ठेवून मला खोलीत बोलावलं, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी शिजतंय. चहा निवू देणारा हा माणूस नव्हे. त्यांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात एक लाल चौकट आली होती. ‘सिस्टीम’ नावाचं काहीतरी अमुक पत्त्याशी संपर्क साधू पाहतंय, जाऊ द्यायचं की अडवायचं, असं तिच्यात इंग्रजीत विचारलं होतं. पत्त्याचे आकडे मला कळले नाहीत, पण आकड्यांपुढे माझ्या लॅपटॉपचं नाव होतं, ते कळलं.

“हो तुजोच न्हय गो?”

“माजोच, बाबा.”

“मागीर माज्या काँप्युटरांत तुजें कितें काम?”

मी म्हटलं, काहीच नाही. त्यांनी ‘अडवा’वर टिचकी मारली आणि परसातून नारळ पळवताना मला पकडल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

गोव्यात मांद्र्याला आमचं छोटं गेस्टहाऊस आहे आणि समुद्राकडे एक भाट, म्हणजे माडांची जमीन. त्या भाटासाठी हल्ली बाहेरची माणसं मोठाल्या गाड्यांतून येतात, गोड बोलतात, शहाळी पितात आणि जातात. जमिनीच्या वाटणीचं काहीतरी सासरे त्या कॉम्प्युटरवर एका बोटानं टंकत बसत. मुलाला किती, मुलीला किती, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी आत गेले की पडदा बंद. मुलगा, म्हणजे माझा नवरा, जहाजावर नोकरीला. नणंद लग्न होऊन दूर गेलेली. घरात आम्ही दोघंच, तेव्हा संशय घ्यायला मी एकटीच उरले होते.

त्यात एका शुक्रवारी बाजाराला म्हणून गेलेले सासरे कॉम्प्युटरही सोबत घेऊन गेले आणि म्हापशाच्या एका दुकानातून त्यात फायरवॉल बसवून आले. आता आत मुंगीसुद्धा शिरणार नाही, असं दुकानदारानं सांगितलं होतं म्हणे. मुंगी कुठली, पहिल्याच दिवशी सून सापडली!

मीही काही भोळी नव्हे. माझं माहेर डिचोलीकडचं, सुर्ल्याचं. लहानपणी आमच्या दारावरून खनिजाचे ट्रक जायचे आणि गावात प्रत्येकाला दुसऱ्याच्या वजनकाट्याबद्दल शंका असायची. पुढे पोटासाठी मी काम धरलं तेही पुस्तकांची मुद्रितं तपासायचं, म्हणजे छापलेल्या प्रत्येक अक्षरावर संशय घ्यायचा. पण संशय घेणं वेगळं आणि आपल्याच घरात संशयित म्हणून वावरणं वेगळं.

चौकट रोज येऊ लागली. एका सकाळी पाववाल्या पोदेराकडून उंडे घेऊन मी आत येत होते, तर सासरे पडवीतून म्हणाले, “सोमारा देवळांत वतां. कौल लायतां. देवीच सांगतली.”

माझ्या हातातले पाव पडायचे राहिले. आमच्याकडे कौलासाठी देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात. त्याआधी गाऱ्हाणं घालतात, तेही मोठ्यानं आणि चार माणसांच्या देखत. मग उजवी पाकळी पडली की होय, डावी पडली की नाही. हरवलेल्या म्हशीपासून सोयरिकीपर्यंत सगळं तिथे ठरतं. ‘सून माझ्या कॉम्प्युटरात शिरते काय गे आई’ असं गाऱ्हाणं एकदा देवळात पडलं, की पाकळी कुठलीही पडो, संध्याकाळपर्यंत ते गावभर होणार. आणि उजवीच पडली तर? त्या निकालावर अपील नाही. मला रडू आलं आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. सोमवारच्या आत या ‘सिस्टीम’ला मी उभं-आडवं तपासायचं ठरवलं.

नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, “होय म्हणूक सांग आनी विसर.” जहाजावर बसून विसरायला काय जातं? मला त्याचाही संशय आला. सुट्टीवर आला की दोन्ही कॉम्प्युटरांशी खुडबुड करणारा तोच. मग म्हापशाच्या दुकानदाराचा आला. गेस्टहाऊसमध्ये महिनाभर राहून वायफाय वापरून गेलेल्या एका गोऱ्या पाहुण्याचासुद्धा आला. संशयाचं असंच असतं, एकाला पाट मांडला की सगळी पंगत येऊन बसते.

शेवटी कामाची मुद्रितं बाजूला सारून मी वाचत बसले. बरंच डोक्यावरून गेलं, पण एवढं कळलं की सिस्टीम हा कोणी उपरा नाहीच. तो खुद्द कॉम्प्युटरच्या पोटातला, त्याचा गाभाच. लग्नाचं आमंत्रण घरातल्या कुणीही लिहिलेलं असो, जातं ते थोरल्याच्या नावानं. तसंच इथेही, घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरची फाईल हवी असो की प्रिंटर, निरोप जातो तो सिस्टीमच्या नावानं. फायरवॉलला आत कुणाचं काम आहे ते दिसत नाही, थोरल्याचं नाव तेवढं दिसतं, आणि ती बोंब मारते.

आणखी एक गोष्ट मी आधी पाहिलीच नव्हती. चौकटीत एक बारीक बाण होता आणि तो बाहेरच्या दिशेला होता. मी सासऱ्यांच्या कॉम्प्युटरात जात नव्हते. त्यांचाच कॉम्प्युटर माझ्याकडे येत होता!

खोटं कशाला सांगू, आधी मला आनंद झाला आणि पाठोपाठ तोच जुना किडा डोक्यात वळवळला. हे माझ्या लॅपटॉपात काय शोधतायत? पुढचा सगळा दिवस, ते जवळून गेले की मी लॅपटॉप मिटत होते.

रविवारी सकाळी मी त्यांना म्हटलं, “बाबा, चौकट केन्ना येता तें पळोवंया.” त्यांनी बसू दिलं, पण दाराजवळच्या स्टुलावर. कॉम्प्युटर सुरू झाला तशी चौकट आली. त्यांनी अडवली. मग मी त्यांना काहीतरी छापायला सांगितलं. त्यांनी छापायचं बटण दाबलं मात्र, चौकट पुन्हा हजर.

“खंयच्या प्रिंटराचें नांव आसा थंय?” मी स्टुलावरूनच विचारलं.

त्यांनी चष्मा वर करून छपाईच्या यादीतलं नाव वाचलं. तो आमचा जुना प्रिंटर होता. नवऱ्यानं तो माझ्या लॅपटॉपला जोडला होता आणि पाहुण्यांची बिलं छापता यावीत म्हणून सासऱ्यांच्या कॉम्प्युटरला तिकडची वाट दाखवून ठेवली होती. पावसाळ्यात ओल लागून तो बंद पडला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर गेला. पण हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? तो बिचारा रोज माझ्या दारात येऊन प्रिंटर आहे का म्हणून विचारत होता.

“फायरवॉल घालचे पयलींय?” सासऱ्यांनी विचारलं.

“तेन्नाय वतालो. सांगपी कोण नासलो.”

मी सांगत गेले तसं त्यांनी स्वतःच्या हातानं तो प्रिंटर यादीतून काढला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. आम्ही दोघंही पडद्याच्या कोपऱ्याकडे डोळे लावून बसलो. चौकट आली नाही. त्यांनी उगाच दोन-तीन फाईली उघडून पाहिल्या, तरीही नाही.

“मागीर फाल्यां देवळांत वचपाची गरज ना न्हय?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि तो मी उतरवला नाही.

सासरे खांद्यावरच्या पंच्याचं टोक चाचपत राहिले. मग म्हणाले, “हांव गेल्ल्या सोमारा वचून आयलां.”

“कौल लायलो?”

“लायलो.”

“देवी कितें म्हणाली?”

“डावी पडली. तूं न्हय म्हणाली.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “तर मागीर?”

“माका दिसलें, देवीक काँप्युटराचें कितें कळटलें? म्हणून परत विचारूंक वतालों.”

हसू आलं खरं, पण टिकलं नाही. म्हणजे गाऱ्हाणं घालून झालं होतं. चार माणसांनी ऐकलं होतं. आठवडाभर वाटेत बायका मला थांबवून उगाच ‘बरी आसा मगे’ विचारत होत्या, ते यामुळे. आणि देवीनं त्यांना तोंडावर सांगितल्यावरही हा माणूस रोज त्या चौकटीपुढे बसून माझ्याकडे तसंच बघत होता.

“च्या हाड गो बाये,” ते मऊ आवाजात म्हणाले.

मी चहा आणला, तेव्हा त्यांनी वाटणीचा कागद पडद्यावर उघडलेला होता. मला पाहून पहिल्यांदाच त्यांनी पडदा बंद केला नाही, उलट खुर्ची जराशी बाजूला सरकवली. मी कप ठेवला आणि पडद्याकडे न बघता बाहेर आले.